राहू द्या

मंगळवारी सकाळी एका अनोळखी वाचकाची मेल आली. मजकूर तीनच ओळींचा, पण सोबत एका आखीव कागदाचा फोटो. कागदावर पट्टी लावून ओढलेले रकाने, वर 'छापलेले' आणि 'खरे' असे दोन मथळे, खाली अकारविल्हे एकसष्ट शब्द आणि प्रत्येकापुढे दोन आकडे. 'तराजू' छापलेले १६१, खरे १६२. 'दंडक' छापलेले १७७, खरे १७८. वजनमापांच्या इतिहासावरच्या आमच्याच एका पुस्तकाची शब्दसूची होती ती, आणि पान १४८ च्या पुढची तिची प्रत्येक नोंद एका पानाने चुकली होती. पुस्तक येऊन तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत त्याची दोन परीक्षणं आली, एक पुरस्कार मिळता मिळता राहिला, आणि हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. गृहस्थांच्या पत्रात राग नव्हता. 'आपल्यासारख्या संस्थेकडून ही अपेक्षा नव्हती' हे वाक्य कुठेतरी येणारच म्हणून मी पोटात गोळा घेऊन वाचत होते, तेही नव्हतं. नुसता तक्ता. आणि शेवटी एक प्रश्न: पान २०३ वरची दुसरी तळटीप वाचताना हसू आलं, ती मुद्दाम तशी लिहिली आहे का?

एकसष्ट चुकांनी दिवस खराब व्हायला हवा होता. झालाही, दुपारपर्यंत. पण पुढचे चारपाच दिवस डोक्यात घोळत राहिला तो हा प्रश्न.

कारण ती तळटीप मी खोडली होती.

चूक कशी झाली ते आधी सांगून मोकळी होते. पुस्तकाचा सगळा हिशेब सोळाच्या पाढ्यात चालतो. मोठ्या कागदाच्या दोन्ही अंगांना आठ-आठ पानं छापायची, कागद तीनदा दुमडायचा, की झाला सोळा पानांचा एक फर्मा. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले किंवा चिकटवले की पुस्तक. त्यामुळे २५६ पानांचं पुस्तक सोळा फर्म्यांत चपखल बसतं आणि २५८ पानांचं पुस्तक ही डोकेदुखी असते. दोन पानांसाठी आणखी एक फर्मा घ्या आणि मागे चौदा पानं कोरी सोडा. आमचं पुस्तक नेमकं २५८ वर येऊन अडलं होतं. मग सुरू झाली काटकसर. या परिच्छेदाच्या शेवटी एकटाच पडलेला शब्द वरच्या ओळीत ओढ, त्या उपशीर्षकाखालची जागा ओळभर कमी कर, ही टीप तोकडी कर, ती टीप उडव. असं करत करत मी पुस्तक २५४ वर आणलं, सूची तयार करून पक्की केली आणि हुश्श म्हटलं. तेवढ्यात लेखकाने एक आकृती पाठवली. पाठवायची राहून गेली होती, आणि तिच्याशिवाय सहावं प्रकरण कळणारच नाही असं त्यांचं म्हणणं. मागे दोन कोरी पानं होतीच. त्यातलं एक खर्ची पडलं, आकृती १४९ वर बसली, पुढचं सगळं पुस्तक एक पान पुढे सरकलं. सूची मात्र जागची हलली नाही. लॅटिनमध्ये इंडेक्स म्हणजे दाखवणारं बोट, तर्जनी. आपल्या 'सूची'चा जुना अर्थ सुई. माझ्या बोटाने तीन वर्षं शेजारचं पान दाखवलं, आणि सुई टोचली ती तीन वर्षांनी.

आता ती तळटीप. लेखकाने एका जुन्या ग्रंथाचा शोध घेतला होता. त्यांच्या विषयात सात जणांनी त्या ग्रंथाचा हवाला दिलेला, प्रत्येकाने तोच ग्रंथ, तेच पान, तेच वाक्य. टीप अशी होती: "वरील सातांपैकी कोणीही हा ग्रंथ पाहिलेला नाही. मी तो दोन महिने शोधला. असा ग्रंथ नाही. हे दोन महिने येथे नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढील कोणाचे जाणार नाहीत." सहा ओळी. माझ्या हातात पेन्सिल, डोक्यात २५८. मी टिपेवर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'वैयक्तिक. अनावश्यक. गाळावे?' ते प्रश्नचिन्ह आमच्या धंद्यातली सभ्यता आहे, त्यात प्रश्न नसतो. प्रुफं परत आली तेव्हा बाकी सगळ्या काटछाटीला सरांनी, म्हणजे लेखकाने, मान डोलावली होती. या एका टिपेखाली मात्र ठिपके दिले होते, आणि समासात दोन शब्द: राहू द्या.

प्रुफात खोडलेलं परत जिवंत करायचं असेल तर शब्दांखाली ठिपके द्यायचे आणि बाजूला 'स्टेट' लिहायचं, ही जुनी रीत. स्टेट म्हणजे लॅटिनमध्ये 'राहू दे'. मी फोन केला. "सर, जागेची फार अडचण आहे हो." पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "जागा नाही, की आवडली नाही?" मी म्हटलं, जागा नाही. टीप राहिली, मी त्या सहा ओळी दुसरीकडून काढल्या. पण तो प्रश्न त्यांनी बरोबर ठिकाणी मारला होता. मला ती टीप खरंच आवडली नव्हती. गंभीर, संयत पुस्तकात एक माणूस अचानक आपल्या गेलेल्या दोन महिन्यांबद्दल बोलायला लागतो, हे मला शर्टाचं एक बटण उघडं राहिल्यासारखं वाटलं होतं.

या कामाने माझ्या वाचण्याचं काय केलंय ते लोकांना सांगून पटत नाही. 'तुमची मजा आहे, दिवसभर पुस्तकं वाचायची' असं कुणी म्हणालं की मी हसते आणि विषय बदलते. डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही, तो उड्या मारतो. सेकंदाला तीनचार वेळा टेकतो, मधलं अंदाजाने भरून काढतो. साधं वाचणं या अंदाजावरच चालतं. मुद्रितशोधन म्हणजे डोळ्याला अंदाज करू न देणं. मी कामाला लागले तेव्हा आमच्याकडे एक ज्येष्ठ मुद्रितशोधक होते, सगळे त्यांना काका म्हणत. ते मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचे आणि मी प्रुफावर बोट ठेवून ऐकायचे. मोठ्याने म्हणजे सगळंच मोठ्याने. "या संदर्भात स्वल्पविराम एकेरी अवतरण सुरू प्रमाण एकेरी अवतरण पूर्ण या शब्दाचे दोन अर्थ संभवतात पूर्णविराम नवा परिच्छेद." सूर एकच, चढ नाही, उतार नाही. पहिले काही दिवस मला मजकुराचा अर्थच लागेना. काका म्हणाले, "अर्थ लागायला लागला की सांग, चहा घेऊ. अर्थ लागला की चुका सुटतात." संध्याकाळी घरी आल्यावर माणसं बोलायची तेव्हा मला स्वल्पविराम ऐकू यायचे.

काकांचं दुसरं म्हणणं, सगळ्यात मोठी चूक सगळ्यात मोठ्या टायपात असते, कारण मथळा कुणी वाचत नाही, तो फक्त दिसतो. याचा दाखला मला लवकरच मिळाला. एका पुस्तकाच्या प्रकरणाचं शीर्षक होतं 'दोन परंपरांचे मिलन'. तिघांनी तपासलं, लेखकाने सही केली, आणि छापायला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी काकांनी चष्मा कपाळावर नेत पान माझ्यापुढे सरकवलं. 'दोन परंपरांचे मलिन'. एक वेलांटी एका अक्षराने पुढे सरकली होती, बाकी काही नाही. आपल्या लिपीत हा खेळ फार जिव्हारी लागतो. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे नस. आणि जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार उडाला की 'सर्व'चं 'सव' होतं आणि संगणक त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. मात्र परक्यांच्या घरीही मातीच्याच चुली. ऑक्सफर्डमध्ये छापलेल्या पहिल्या पुस्तकावर साल १४६८ असं आहे. ते १४७८ असायला हवं होतं. रोमन आकड्यांतला दहाचा एक 'एक्स' जुळाऱ्याच्या हातून गळला आणि पुस्तक दहा वर्षांनी म्हातारं झालं. काहींनी पुढे त्या सालावर विश्वास ठेवून इतिहास रचायचाही प्रयत्न केला.

पुस्तकाच्या मागे तो रेघारेघांचा चौकोन असतो, त्याच्याजवळचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, मला यासाठी आवडतो. तो माणसाकडून चूक होणार हे धरूनच घडवलेला आहे. तेरा आकडी. पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने एकाने आणि तिनाने गुणायचं, बेरीज करायची, आणि ती दहाने भागली जावी एवढा शेवटचा आकडा ठेवायचा. कुठलाही एक आकडा चुकीचा लिहिला की बेरीज फसते आणि चूक उघडी पडते. १ जानेवारी २००७ च्या आधी तो दहाच आकडी होता, हिशेब अकराचा, आणि शेवटची बाकी दहा आली की तिथे 'एक्स' छापायचे. ऑक्सफर्डचा हरवलेला एक्स तिथे ड्युटीवर लागला असावा अशी माझी खासगी समजूत आहे. सूचीला असा पहारेकरी आकडा नाही. खरं तर सूची हा प्रकारच छपाईमुळे सुखी झाला. हाताने उतरवलेल्या प्रत्येक प्रतीची पानं वेगळी पडायची, तेव्हा एका प्रतीची पानवार सूची दुसरीला चालायची नाही. छापील पुस्तकात पानांवर आकडे घातल्याचं सर्वांत जुनं ज्ञात उदाहरण १४७० चं, कोलोनमधल्या एका प्रवचनाच्या पुस्तिकेचं. म्हणजे साडेपाचशे वर्षांचा सराव आहे माणसाला, तरी मी एका पानाने चुकले.

बरं, चुकण्यापेक्षाही मला त्या आठवड्यात सतावत होतं ते दुरुस्त करणं. संपादकाचा हात किती लांब जावा, याची दोन टोकं मला नेहमी आठवतात. एक कोपर्निकसचं. १५४३ मध्ये त्याचा ग्रंथ न्यूरेंबर्गला छापला जात होता, तो स्वतः दूर, आजारी. छपाईवर देखरेख करणाऱ्या ओसिआंडरने ग्रंथाच्या सुरुवातीला स्वतःचं निनावी निवेदन घुसडलं: यातल्या कल्पना खऱ्या असायलाच हव्यात असं नाही, गणित जमलं की पुरे. जन्मभर पृथ्वी फिरते म्हणून मांडलेलं, आणि दारातच कुणीतरी पाटी लावून ठेवली की आत जे आहे ते मनावर घेऊ नका. पाटी लेखकाचीच, असा बहुतेक वाचकांचा समज. ती कुणाची हे केप्लरने १६०९ मध्ये जाहीरपणे छापलं तेव्हा ओसिआंडरही जाऊन जमाना झाला होता. ओसिआंडरचा हेतू वाईट नव्हता, त्याला पुस्तक वाचवायचं होतं. मला तो परका वाटत नाही, हीच पंचाईत आहे. 'वैयक्तिक. अनावश्यक.' असं समासात लिहिणाऱ्या बाईचा तो लांबचा नातेवाईकच.

दुसरं टोक एकनाथांचं. ज्ञानेश्वरी होऊन तीनशे वर्षं लोटली होती, हातोहात उतरलेल्या प्रतींमध्ये पाठभेदांचं रान माजलं होतं. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी प्रत शुद्ध केली. केलं काय ते त्यांनी शेवटी चार ओव्यांत सांगितलं: ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतरांनी अशुद्ध झाला होता, तो शोधला. आणि वर ताकीद दिली की यात आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवतो. एवढा मोठा कवी, ओवी तर हाताचा मळ, एखादी सहज मिसळून गेली असती, कुणाला कळलंही नसतं. पण बोट फक्त पुसायला वापरलं. मी नवीन लागलेल्या मुलांना हे सांगते तेव्हा ती नरोटीपाशी हसतात. बऱ्याच जणांना नरोटी म्हणजे काय ते सांगावं लागतं. आणि सांगता सांगता माझ्या मनात येतं, नाथांच्या पेन्सिलीखाली ती दोन महिन्यांची टीप आली असती तर?

टिपेतला तो नसलेला ग्रंथ ही काही अपूर्वाई नाही. संदर्भ तपासणं हे आमच्या कामातलं सर्वांत कंटाळवाणं आणि खरं सांगायचं तर सर्वांत चविष्ट काम. १८७८ चं कुणीतरी १८८७ करतो आणि मग पुढे ते साल घराण्याच्या नाकासारखं उतरत जातं. कुणी मूळ पुस्तक पाहिलं आणि कुणी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलं हे चुकीवरूनच कळतं. बरोबर लिहिणारे सगळे सारखे दिसतात, चुकीचं साल मात्र बाप दाखवतं. जुन्या पोथ्यांची वंशावळ लावणारे अभ्यासकही हेच करतात, समान चुका शोधतात. अस्तित्वातच नसलेले संदर्भही असतात. एका प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून एक काल्पनिक लेख दिला होता, लेखन कसं करावं याच विषयावरचा. तो शेकडो शोधनिबंधांच्या संदर्भसूचीत खरा म्हणून जाऊन बसला. २०१७ मध्ये एका अभ्यासक बाईंनी ही गंमत चव्हाट्यावर आणली. आता यंत्राकडून मजकूर लिहून घेणारे येतात तेव्हा असे संदर्भ डझनाने येतात, नाव भारदस्त, साल पटण्यासारखं, पानांचे आकडेसुद्धा. मी एकेक शोधत बसते. न सापडलेल्या गोष्टीचा पुरावा काय ठेवायचा, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. सरांना पडला होता.

वाचनाच्या सुखाबद्दल लिहायला बसले आणि कामाबद्दलच लिहीत सुटले. पुस्तकांच्या वासाबद्दल मी लिहिणार नाही; नव्या पुस्तकाला डिंकाचा आणि शाईचा वास येतो, तो आमच्या कपड्यांनाही येतो. पण सुख आहे. या धंद्यातलं पहिलं सुख म्हणजे ज्या विषयांशी सुतराम संबंध नाही ते विषय पोटापाण्यासाठी वाचावे लागतात. वर्षाला आठदहा पुस्तकं हातून जातात आणि मला शेवाळांचं वर्गीकरण, अव्ययांचा उगम, जुन्या आरमारातलं गोड्या पाण्याचं रेशन असं थोडं थोडं येतं. कुठेच उपयोगी पडत नाही. पण रात्री झोप येत नसली की हे सगळं डोक्यात एकमेकांच्या ओळखी करून घेत बसतं. दुसरं सुख ऋणनिर्देशांचं. मी कुठलंही विद्वज्जड पुस्तक तिथून सुरू करते. एकेकाळी तिथे 'संपूर्ण हस्तलिखित न कंटाळता टंकलिखित करून देणाऱ्या पत्नीचे' आभार असायचे, तिचं नावही नसायचं. त्या बायकांनी टंकताना मनात काय म्हटलं असेल याचं एक वेगळं पुस्तक व्हावं. आणि तिसरं, अगदी क्षुल्लक: एखादं वाक्य तिसऱ्यांदा वाचणं, चूक शोधायला नव्हे, तर ते संपू नये म्हणून. हे तिसरं माझ्याकडून बरीच वर्षं होत नव्हतं. घरी पुस्तक उघडलं तरी उजवा हात आपोआप पेन्सिल धरल्यासारखा वळायचा. एकदा तर कादंबरीत ऐन मरणाच्या प्रसंगात मी अनुस्वार दुरुस्त केला.

पेन्सिल सुटली ती एका ग्रंथालयात, आणि तिथे सोळाचा पाढाच कामाला आला. जुनी पुस्तकं कधीकधी फर्म्याच्या कडा न कापताच बांधत; वाचकाने वाचता वाचता कागदी सुरीने दुमड फाडत पुढे जायचं. मी एका संदर्भासाठी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं एक पुस्तक मागवलं, तर ते चौसष्टाव्या पानापर्यंतच फाडलेलं. पुढची पानं आपापल्या दुमडीत तशीच बंद. म्हणजे इतक्या वर्षांत जो कुणी वाचक आला तो चार फर्म्यांवर थांबला होता. ग्रंथपालबाईंनी एक बोथट सुरी दिली आणि म्हणाल्या, "सावकाश. घाई केली की कागद दातरतो." दुमडीत सुरी घालून बाहेरच्या अंगाला ओढली की कागद आधी कुरकुरतो, मग एकदम सैल पडतो, आणि मांडीवर पांढरा भुसा पडतो. दर काही पानांनी थांबावं लागत होतं. मला हवा असलेला संदर्भ पान ७१ वर होता, मी १३० पर्यंत गेले. विषय काय होता, तर मिठागरांच्या हिशेबाच्या पद्धती. मध्ये एका पानावर सरळसरळ अक्षर उलटं पडलेलं होतं, मी ते पाहिलं आणि पुढे गेले. संध्याकाळी बाहेर पडताना लक्षात आलं की पेन्सिल पर्समधून काढलीच नव्हती.

आमच्या वजनमापांच्या पुस्तकाच्या तीनशे प्रती काढल्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा ग्रंथालयांत गेल्या. तिथे त्या कुणी उघडतं का, हे कळायचा मार्ग नाही. हल्ली पानं कापलेलीच येतात, न वाचलेलं पुस्तक वाचलेल्यासारखंच दिसतं. म्हणून तो आखीव कागद पाहून दुपारनंतर मला जे वाटलं ते सांगायला जरा लाज वाटते. एकसष्ट नोंदी तपासायच्या म्हणजे माणसाने ते पुस्तक मांडीवर घेऊन, मागेपुढे करत, दिवसच्या दिवस घालवले होते. आपली चूक इतक्या प्रेमाने कुणी मोजावी असं भाग्य सगळ्यांच्या नशिबी नसतं.

शुक्रवारी मी कपाटातून जुनी प्रुफं काढली. पान २०२ होतं ते तेव्हा, आकृती यायची होती. माझी रेघ फिकट झाली होती, सरांचे ठिपके नव्हते झाले. त्यांनी ते इतके दाबून दिले होते की कागद उलटा केला तर मागच्या बाजूला बोटांना लागत होते, ओळीने, सहाही ओळी. मी फोन लावला. सूचीचं सांगितलं, माफी मागितली, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतो म्हटलं. त्यांनी "हं" म्हटलं. मग सांगितलं की एका वाचकाला तुमची ती टीप फार आवडली, त्यांना हसू आलं, मुद्दाम तशी लिहिली का असं विचारतायत.

"हसू?" सर म्हणाले. "माझे दोन महिने गेले. त्यात हसण्यासारखं काय आहे?"

मी गप्प. खरंच, तीन वर्षांपूर्वी मला ती सैलपणा वाटली, वाचकाला विनोद वाटली, आणि लिहिणाऱ्याने ती सरळ नोंद म्हणून लिहिली होती, पावती फाडावी तशी. तिघांनी तेच सहा ओळींचे शब्द वाचलेले. वाचकाला काय उत्तर द्यावं ते मला रविवारपर्यंत सुचेना. पहिल्या मसुद्यात मी 'होय, मुद्दाम' लिहिलं आणि खोडलं. शेवटी होतं तसं कळवलं: सूचीची चूक माझी, टीपही मी गाळणार होते, लेखकाने राखली, आणि त्यांच्या मते तिच्यात हसण्यासारखं काही नाही.

उत्तर तासाभरात आलं. लेखकाची क्षमा मागतो असं कळवा, म्हणाले. आपण हसलो ते स्वतःला. तोच ग्रंथ आपणही शोधत होतो, आठ दिवस झाले होते, दोन ग्रंथालयांना पत्रं गेली होती, आणि मग त्या पानाशी आलो. सोबत पुन्हा तोच आखीव कागद, आता खाली बासष्टावी ओळ वाढवलेली. 'छापलेले'च्या रकान्यात फुली, 'खरे'च्या रकान्यात २०३. ही टीप सूचीत घेतली असती तर आठ दिवस वाचले असते, एवढंच त्यांचं म्हणणं.

आता अडचण एवढीच की कुठल्या शब्दाखाली घ्यायची. त्या ग्रंथाच्या नावाखाली घेतली तर आठव्या माणसाला तो ग्रंथ आहे असं वाटायचं. 'महिने, दोन' असं लिहून पाहिलं, बरं दिसेना. सरांना विचारलं तर म्हणाले, तुमचं काम तुम्ही करा. काल दुसऱ्या आवृत्तीची सूची पुन्हा सबंध तपासली, प्रत्येक नोंदीचं पान उघडून, बोट ठेवून. आणि 'न'मध्ये 'नमुना वजन' आणि 'नाणी' यांच्या मधोमध एक ओळ घातली:

नसलेला ग्रंथ, २०३ टी.